आईला पेम्फिगस (त्वचेवर आणि तोंडात फोड येण्याचा आजार) झालाय. हा संसर्गजन्य आहे का, आणि पूर्ण बरा होतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. स्पर्शाने, उष्ट्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, कशानेच हा पसरत नाही. घाबरून आईचं ताट-वाटी वेगळं काढलं असेल तर आजच परत एकत्र करा. त्या वेगळ्या ताटाचं दुःख फोडांपेक्षा जास्त असतं.

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. पेम्फिगस व्हल्गॅरिस, नऊ वर्षं. माझी सुरुवात तोंडातून झाली, बहुतेकांची तशीच होते. पाच महिने मी ‘तोंड आलंय’ समजून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाल्ल्या, जेल लावलं, एक दाढसुद्धा काढून घेतली. छातीवर फोड आले तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञाकडे पोचले.

आजार समजून घ्यायला मला शिवणकाम उपयोगी पडलं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी टाचलेल्या असतात. पेम्फिगसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती या टाक्यांविरुद्ध अँटिबॉडी बनवते आणि शिवण उसवते. उसवलेल्या जागी पाणी साचतं. फोडाचं छत पातळ असल्याने तो लिबलिबीत असतो आणि टॉवेल घासला तरी फुटतो. याचा एक भाऊबंद आहे, बुलस पेम्फिगॉइड. तो जास्त करून म्हातारपणी होतो. त्यात कापड शाबूत राहतं पण अस्तर सुटतं, म्हणजे त्वचेचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो, म्हणून फोड टणक, टच्च भरलेले असतात आणि आधी कित्येक आठवडे नुसती खाज सुटते. 1953 साली लिव्हर नावाच्या डॉक्टरांनी हे दोन वेगळे आजार असल्याचं दाखवलं, तोवर सगळं एकाच नावाखाली जायचं. दोन्हींचे उपचार आणि धोके वेगळे आहेत, म्हणून आईचं निदान कशावरून झालं ते विचारा. साध्या बायोप्सीबरोबर इम्युनोफ्लुरोसन्स (कातडीत अँटिबॉडी कुठे चिकटल्यात ते चमकणाऱ्या रंगाने दाखवणारी) ही तपासणी व्हायला हवी. तिच्यासाठी फोडाशेजारच्या धड दिसणाऱ्या कातडीचा तुकडा घेतात आणि तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवायच्या नेहमीच्या रसायनात, टाकत नाहीत. माझा पहिला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला होता, म्हणून पुन्हा टाके पडले.

आता दुसरा प्रश्न. ‘कायमचा गेला’ असं कुणी लिहून देणार नाही, पण आटोक्यात येतो आणि पुष्कळांच्या गोळ्या बंदही होतात. स्टिरॉइड मिळू लागण्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. त्यामुळे स्टिरॉइडला शिव्या देताना मी जरा जपून देते. दिल्या मात्र भरपूर. चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला, साखर वाढली, झोप उडाली. रात्री दोन वाजता मी कपाटं आवरत असे. तोंड बरं दिसतंय म्हणून एकदा मनानेच गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत पाठ भरून फोड. शिवाय दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (आपलं नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं कमी करतं, त्यामुळे गोळी अचानक थांबली तर जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरांनीच उतरवायचा, पायरीपायरीने.

मला खरा उतार पडला रिटुक्सिमॅब या औषधाने. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात, त्या बी पेशी ते कमी करतं. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी त्याला मान्यता दिली. मला पंधरा दिवसांच्या अंतराने दोन सलाइन लावली, त्याआधी हिपॅटायटिस बी तपासला. परिणाम लगेच दिसत नाही, काही महिने जातात. मधल्या काळात जंतुसंसर्गाला जपा. ताप, पू, डोळे लाल होणं, गिळता न येणं यापैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

घरात काय करायचं? सकाळी चादर पाठीला चिकटली असेल तर ओढू नका. कोमट सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) भिजवा, पाच मिनिटांत ती आपोआप सुटते. माझ्या नवऱ्याने घाईने एकदा ओढली, तिच्याबरोबर तळहाताएवढं कातडं आलं. मोठा, दुखरा फोड नर्सकडून निर्जंतुक सुईने फोडून घेता येतो, पण वरची कातडी काढायची नाही. तीच सगळ्यात चांगली पट्टी. पाला, हळद, कुणाच्या मावशीने सांगितलेला लेप, काही नको.

एक वही ठेवा. जुनी जखम किती भरली यापेक्षा आज नवे फोड किती आले हा आकडा डॉक्टरांना जास्त कामाचा असतो. माझ्या वहीत पहिलं शून्य सतराव्या आठवड्यात आलं, मग पुन्हा तीन, मग शून्य.

आणि आईला जेवण जात नसेल तर डॉक्टरांकडून तोंड बधिर करणारं जेल लिहून घ्या. जेवणाआधी थोडा वेळ लावायचं, अन्न मऊ आणि पूर्ण गार झालेलं द्यायचं. दातांना लहान मुलांचा मऊ ब्रश. मी अजून तोच वापरते, त्यावर हत्ती आहे.