कोथिंबीर-मेथीचा पिवळेपणा आणि मावा

यावल व चोपडा तालुक्यांतील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, कोथिंबीर आणि मेथीची नवी पाने पिवळी पडतात, युरिया फवारला की पीक चार दिवस तरारते आणि मागोमाग मावा येतो. तर वाढही व्हावी आणि कीडही लागू नये असे कोणते टॉनिक फवारावे?

दोन्ही कामे करणारे एकच टॉनिक सुचवणे मला योग्य वाटत नाही, कारण आधी पिवळेपणा ओळखायला हवा. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता होय. तापीकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही, आणि अशा वेळी युरिया वाढवल्याने पाने लुसलुशीत होऊन मावा अधिकच पोसला जातो.

लोहासाठी 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 15 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घ्यावे. फेरस सल्फेटचे खडे हिरवट असावेत. तांबूस पडलेले खत पिकाच्या उपयोगी येत नाही. पाने कोवळी असल्याने आधी एकाच वाफ्यावर फवारून दोन दिवस पाहावे. या द्रावणात 19:19:19 (नत्र, स्फुरद व पालाश असलेले विद्राव्य खत) मिसळू नये, कारण त्यातील स्फुरदाशी संयोग होऊन लोह साक्याच्या रूपाने तळाशी बसते.

माव्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो, मात्र तो प्रादुर्भाव सुरू होतानाच फवारला पाहिजे. पाच किलो निंबोळीची भरड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी गाळून त्यात एक लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा आणि एकूण द्रावण 100 लिटर करावे. उन्हात अर्काचा प्रभाव लवकर ओसरतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी व पानांची खालची बाजू भिजवावी, कारण मावा तेथेच दडतो. ढालकिडे दिसत असतील तर कृपया फवारणीची घाई करू नये. ते मावा खातात.

ही पाने थेट ताटात येतात. म्हणून लेबलवर या पिकाचा उल्लेख नसलेले कीटकनाशक वापरू नये आणि निंबोळी अर्काची शेवटची फवारणीही काढणीच्या किमान आठवडाभर आधी उरकावी.