पेपर छापून आल्यावर

अनेक आशीर्वाद.

पेपर स्वीकारल्याची मेल वाचली, मनापासून आनंद झाला. आर्क्टिकमधल्या कोंग्सफ्योर्ड या चिंचोळ्या खाडीच्या (फ्योर्डच्या) पाण्याचं तापमान आणि क्षारता यांचे इतक्या वर्षांचे आकडे एकत्र लावणं किती किचकट असतं, ते मला माहीत आहे. मेलच्या शेवटी तू विचारलंस, आता हे लोकांपर्यंत कसं न्यायचं? मी उलट विचारतो : कुठल्या लोकांपर्यंत?

आपल्याकडच्या मुलांची एक अडचण मी बरीच वर्षं बघतोय. तुम्ही आर्क्टिक पाहता ते 'हिमाद्री'च्या खिडकीतून. 2008 पासून भारताचं हे संशोधन केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ऑलेसुंडला आहे. ते गाव म्हणजे 1962 च्या दुर्घटनेनंतर बंद पडलेली कोळशाची खाण आणि तिच्या जागी वसलेली शास्त्रज्ञांची वसाहत. उपकरणांना अडथळा नको म्हणून वायफायसुद्धा बंद. मुळात स्वालबार्डवर आदिवासी वस्ती कधी नव्हतीच. मग मुलं गोव्याच्या आपल्या संशोधन केंद्रात परततात ती आर्क्टिक म्हणजे मोकळी प्रयोगशाळा, असा समज घेऊन. प्रत्यक्षात त्या साऱ्या पट्ट्यात सुमारे 40 लाख माणसं राहतात. तिथला कुठलाही निष्कर्ष आधी त्यांच्या कामाचा आहे, मग आपल्या.

अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो नावाचं गाव आहे, आता उत्कियाग्विक म्हणतात. 1977 साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने तिथल्या इन्युपियाक या मूळ रहिवाशांची बोहेड व्हेलची शिकार थांबवली, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजात व्हेल फारच थोडे उरले होते. मोजणी कशी व्हायची? बर्फाच्या कडेला उभं राहून, उघड्या पाण्याच्या पट्ट्यातून जाणारे व्हेल मोजायचे. शिकारी सांगत होते की व्हेल बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, आणि कितीतरी किनाऱ्यापासून लांबून निघून जातात. ज्यांचं पोट त्या शिकारीवर, ते असंच म्हणणार, असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं. पण ते लोक नुसते भांडत बसले नाहीत. त्यांच्या स्थानिक प्रशासनाने, नॉर्थ स्लोप बरोने, स्वतः शास्त्रज्ञ नेमले, पाण्यात हायड्रोफोन (पाण्याखालचे आवाज टिपणारे मायक्रोफोन) सोडले, विमानातून पाहणी केली. शिकाऱ्यांचं म्हणणं खरं निघालं आणि अंदाज कित्येक पटींनी वाढला. 2011 च्या मोजणीत तो 17 हजारांच्या आसपास होता. (मधल्या काळात व्हेलची संख्या खरोखरही वाढली आहे. ही गोष्ट रंगवून सांगणारे नेमकं तेच गाळतात. तू गाळू नकोस.) शिकारीचा कोटा आता या मोजण्यांच्या आधारावर ठरतो. संशोधन वापरात येणं म्हणतात ते हे. आणि ते झालं, कारण ज्यांना निर्णय सोसायचा होता ते मोजणीच्या पद्धतीतच शिरले. निकाल लागल्यावर त्यांना पत्रक वाटून हे घडलं नसतं.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचं. 2009-10 चा हिवाळा तिथे विलक्षण उबदार गेला. ज्या समुद्री बर्फावरून लोक पिढ्यान् पिढ्या ये-जा करत, शिकारीला जात, सरपण आणत, तो भरवशाचा राहिला नाही. उपग्रहाची चित्रं तेव्हाही होती. पण स्नोमोबिल (बर्फावरची मोटरगाडी) घेऊन निघणाऱ्या माणसाला या वळणावर बर्फ किती जाड आहे ते हवं असतं. साऱ्या आर्क्टिकचा सरासरी आकडा घेऊन तो काय करणार? त्यातून 'स्मार्टआइस' उभं राहिलं. स्नोमोबिलमागे ओढायच्या घसरगाडीवर बर्फाची जाडी मोजणारं यंत्र, बर्फात रोवायचे तरंगते संवेदक, आणि चालवणारी माणसं गावातलीच. नकाशे काढायलाही इनुइट तरुणांना शिकवलं. कुठल्या जागा धोक्याच्या ते वडीलधारे सांगतात, तेही नकाशात येतं. यंत्रात तसं अद्भुत काही नाही. मला कौतुक वाटतं ते याचं, की माणूस घराबाहेर पडायच्या आत उत्तर त्याच्या हातात असतं. तुझा पेपर स्वीकारायला किती महिने लागले, ते आठव जरा.

आकड्यांची साठवण याबद्दल थोडक्यात. 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन जहाज 2019 च्या शरदात मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं आणि वर्षभर वाहू दिलं. त्या मोझेक मोहिमेचे आकडे 2023 च्या सुरुवातीपासून सर्वांना खुले आहेत. तुझेही खुले कर. कुठलं उपकरण, कुठली खोली, कधी कॅलिब्रेट केलं, मधले कुठले महिने गाळले आणि का, हे सगळं सोबत लिहून ठेव. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्या कोणाला ते करता येणार नाही.

आता आपल्या घरची बाजू, कारण तुला फोन इथूनच येणार आहेत. 2021 मध्ये आपल्या गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या मंडळींचा एक पेपर आला होता. रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असला, की वातावरणाच्या वरच्या थरातल्या लाटांमार्फत त्याचा परिणाम आशियापर्यंत पोचतो, आणि अरबी समुद्र तापलेला असला तर मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीला पोषक स्थिती होते, असं त्यात मांडलंय. लेखकांनी शीर्षकातच 'संभाव्य संबंध' म्हटलंय. बातमी करणाऱ्याला मात्र 'ध्रुवावर बर्फ वितळला, विदर्भात सोयाबीन बुडालं' असं हवं असतं. तू ते देऊ नकोस. कापणीला आलेल्या सोयाबीनच्या मालकाला कारा समुद्र काय करायचा? त्याला पुढच्या पाच दिवसांचा अंदाज हवा. तुझं काम हवामान खात्यात हंगामी अंदाजाची मॉडेल चालवणाऱ्यांशी बोलण्याचं : हा संबंध घेतला तर अंदाज सुधारतो का, ते त्यांनी तपासावं. कंटाळवाणी बैठक असेल, चहाही बेताचा असेल, पण शेतकऱ्यापर्यंतची वाट तिथूनच जाते.

आणि आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या 'चौपट वेगाने' तापतंय हे वाक्य भाषणात टाकशील तेव्हा सोबत सांग, की तो हिशेब 1979 नंतरचा आणि आर्क्टिक वृत्ताच्या आतला आहे. सीमा खाली ओढली किंवा वर्षं बदलली, तर आकडा खाली येतो. कोणी तिपटीने म्हणालं तर ते खोटं बोलत नसतात.

तुझ्या आकड्यांचं काय? अटलांटिकचं कोमट पाणी फ्योर्डमध्ये शिरतं तेव्हा हिवाळी बर्फ नीट धरत नाही, हे तू दाखवलंयस. स्वालबार्डमध्ये गोठलेल्या फ्योर्डवरून स्नोमोबिलने जाणारी माणसं आहेत, पर्यटकांना नेणारे वाटाडे आहेत. शरदातलं पाण्याचं तापमान बघून त्या हिवाळ्यातल्या बर्फाबद्दल काही सांगता येतं का, हा प्रश्न त्यांच्या उपयोगाचा आहे. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगयरब्येन, तिथल्या विद्यापीठ केंद्राला पत्र लिहून विचार, की हे वाटाडे कुठली माहिती बघून निघतात आणि त्यात काय कमी पडतं. तू काय शोधलंस ते दुसऱ्या परिच्छेदात येऊ दे. मसुदा आधी मला पाठव. एका पानापेक्षा मोठा असला तर न वाचता परत येईल.

तुझा,
सर