बाळ यायच्या आधीच पालकत्वाचा क्लास लावावा का? नवरा म्हणतो आत्तापासून काय घाई आहे

हो, लावा, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातच लावा, कारण तोवर मळमळ बरीचशी ओसरलेली असते आणि नववा लागला की डोक्यात फक्त डिलिव्हरी, बाकी काही शिरत नाही. मी असे क्लास घेते त्यावरून सांगते, नवरे घाई काय म्हणतात ते बऱ्याचदा तिथे त्यांना काही कामच नसतं म्हणून, नुसतं मागच्या खुर्चीत मोबाईल बघत बसायचं. हातात बाहुली देऊन डायपर बदलायला लावलं, मान कशी धरायची ते करून बघायला सांगितलं की तेच प्रश्न विचारायला लागतात. दोघांनी मिळून ऐकायच्याच गोष्टी म्हणजे

- नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं, तेव्हा रात्री कोण काय करणार ते आधीच ठरवा
- झोपवायचं पाठीवरच, जवळ उशी-दुलई नको
- रडणं साधारण ६ आठवड्यांपर्यंत वाढत जातं मग कमी होतं, कितीही वैतागलात तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही

फक्त दूध पाजणं बाहुलीवर निम्मंच कळतं, त्यामुळे डिलिव्हरीनंतरही एखादं सेशन असेल असा क्लास बघा.