तासाभराचं फुकट लेक्चर बघून तीन वर्षांची डिग्री ठरवायची का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही चौदा वर्षं झाली, इंग्लंडमधे स्लाऊला राहतो. मुलगी इयर ट्वेल्व्हला आहे, म्हणजे आपली अकरावी धरा, ए-लेव्हलला (इथली बारावीची परीक्षा) इतिहास, इंग्लिश आणि मॅथ्स. आम्ही धरून चाललो होतो की इकॉनॉमिक्स करेल, पण हल्ली रोज संध्याकाळी कुठल्यातरी युनिव्हर्सिटीचं फ्री ऑनलाइन टेस्टर लेक्चर लावून बसते, आधी फिलॉसॉफी, मग आर्किऑलॉजी, आता अँथ्रोपॉलॉजी (मानवशास्त्र), आणि दरवेळी जेवताना जाहीर करते की मला हेच करायचंय. तिचे बाबा म्हणतात टाइमपास आहे. ह्याचा खरंच उपयोग असतो की नुसती जाहिरात?

उत्तर: अहो जाहिरात तर आहेच! हलवाई चव बघायला हातावर जो तुकडा ठेवतो तो काय कालचा शिळा नसतो. डिपार्टमेंटमधला सगळ्यात छान बोलणारा माणूस, सगळ्यात चटपटीत विषय, पाऊण-एक तास, गृहपाठ नाही, निबंध नाही, कोणाला आवडणार नाही?

पण तरी बघू द्या तिला. आपल्याकडे बीएला पहिल्या वर्षी वेगवेगळे विषय घेऊन मग स्पेशल ठरवायची सवय, इंग्लंडमधे तसं नाही, तिथे फॉर्म भरतानाच कोर्स ठरवावा लागतो आणि मग बहुतेक तीन वर्षं तेच. (स्कॉटलंडमधे चार वर्षं आणि सुरुवातीला जरा इकडे तिकडे करता येतं, तेही बघून ठेवा.) त्यात अँथ्रोपॉलॉजी, आर्किऑलॉजी हे विषय बहुतेक शाळांत नसतातच, मग पोरीला कळणार कसं? 2025-26 ला इंग्लंडमधे वर्षाची फी 9,535 पौंडांपर्यंत होती, त्यापुढे फुकटातली चव वाईट नाही.

आणि तिच्या बाबांना एवढंच सांगा की इरावतीबाई कर्वे बर्लिनला जाऊन अँथ्रोपॉलॉजीच शिकून आल्या होत्या.

मात्र आता नवीन टेस्टर बंद. जे आवडलं त्याच विषयाचा एक साधा, पूर्ण कोर्स बघायला लावा, ज्यात मधली कंटाळवाणी लेक्चर्सही असतात. येल युनिव्हर्सिटीने खऱ्या वर्गातच रेकॉर्ड केलेले कोर्स फुकट ठेवलेत. फिलॉसॉफीत शेली केगन यांचा मृत्यूवरचा कोर्स आहे, सव्वीस लेक्चर्स, हा गृहस्थ टेबलावर मांडी घालून बसतो आणि आत्मा आहे का नाही ते शांतपणे सोलत बसतो. तिसऱ्या लेक्चरला पोरगी झोपली तर तेही उत्तरच आहे की! दुसरं म्हणजे लंडनचं ग्रेशम कॉलेज, 1597 पासून लोकांसाठी फुकट व्याख्यानं, आता ऑनलाइनही. त्यांच्याकडे अ‍ॅडमिशनही नाही आणि डिग्रीही नाही, म्हणजे विकायला काही नाहीच.

माझी स्वतःची कसोटी अगदी घरगुती आहे. लेक्चर संपल्यावर ती पुढचं लेक्चर लावते का त्याच विषयावरचं पुस्तक लायब्ररीतून आणते? कारण ह्या डिग्र्यांमधे वर्गातले तास कमी आणि एकटीने वाचून निबंध लिहिणं खूप, ते टेस्टरमधे दिसतच नाही. पुस्तक आलं, निम्म्यात टाकलं नाही, आणि जेवताना ‘मस्त होतं’च्या ऐवजी ‘मला त्यांचं हे पटलं नाही’ असं म्हणाली तर समजा गाडी रुळावर आहे.

हेच फॉर्मलाही कामाला येतं. यूकास म्हणजे तिथल्या युनिव्हर्सिटींचे अर्ज घेणारी संस्था, तिच्या पर्सनल स्टेटमेंटमधे (हा विषय का घ्यायचाय ते स्वतः लिहायचं) 2026 च्या प्रवेशापासून तीन प्रश्न असतात आणि सगळं मिळून 4,000 कॅरेक्टर्स, स्पेस धरून. त्यात आठ लेक्चरांची यादी म्हणजे जागा फुकट घालवणं. एकच घ्यावं, त्यातलं काय खटकलं, मग काय वाचलं, एवढं लिहावं.

प्रश्न: मी लातूरला बारावी आर्ट्सला आहे. अशी लेक्चर्स बघायची आहेत पण इंग्लिश फास्ट असतं, डोक्यावरून जातं. आणि सर्टिफिकेट मिळतं का?

उत्तर: अरे, येलच्या त्या कोर्सची लेखी कॉपी साइटवर फुकट आहे, आधी ती वाच मग व्हिडिओ लाव, स्पीड पाऊणपट कर, सगळेच करतात. सर्टिफिकेट मात्र त्याचं मिळत नाही. ते हवंच असेल तर आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएलवर ह्युमॅनिटीजचेही कोर्स असतात, शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेला बसायचं तर. पण आधी दोन आठवडे नुसतं ऐक, फी नंतर भर.