वाचक विचारतात : ग्रुपची राखण

या महिन्याच्या टपालात आणि ईमेलमध्ये एकाच दुखण्याची बरीच पत्रे निघाली. आपल्या वाडीचा, धंद्याचा किंवा आवडीचा ग्रुप हौसेने चालवणाऱ्या माणसांना फसव्या जाहिराती आणि लिंका टाकणाऱ्यांनी जेरीस आणले आहे. त्यातील चार पत्रे थोडी संक्षिप्त करून, पाठवणाऱ्यांची नावे गाळून, येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप टाळेबंदीत सुरू झाला. आज साडेसहाशे सदस्य आहेत, निम्मे गावात आणि निम्मे मुंबई-ठाण्यात. शिमग्यात पालखी कोणत्या दिवशी कोणाच्या घरी येणार याची यादी मी टाकली आणि दहा मिनिटांत तिच्यावर ‘घरबसल्या रोज तीन हजार कमवा’ अशा सात मेसेजची रास पडली. मी तिथल्या तिथे खडसावले, मग आणखी वीस जणांनी खडसावले. या गडबडीत बोरिवलीच्या एका कुटुंबाला यादी दिसलीच नाही आणि पालखी त्यांच्या बंद घरावरून पुढे गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते गावात पोहोचले. अशा लोकांना आवरायचे कसे? — एक ॲडमिन, गुहागर तालुका

उत्तर : सात जाहिरातींनी यादी गाडली खरी, पण त्यानंतरच्या एकवीस कानउघाडण्यांनी ती अधिक खोल गाडली. अशी जाहिरात टाकणारा तुमचे उत्तर वाचायला बहुधा तिथे थांबलेलाच नसतो. एकच मजकूर अनेक ग्रुपमध्ये ओतायचा, नंबर बंद पडला की दुसरा घ्यायचा, असा हा धंदा असल्यामुळे त्याला लाज वाटेल किंवा देवाचे नाव काढल्यावर तो वरमेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. शिवाय रागावलेला सदस्य त्याच मेसेजला उत्तर देतो तेव्हा तो मेसेज त्या उत्तराच्या डोक्यावर बसून पुन्हा खाली येतो, आणि ज्यांनी तो पाहिलाही नव्हता ते कुतूहलाने वर जाऊन लिंक उघडतात. तळकोकणातला राखणदार, म्हणजे गावाची राखण करतो असे मानले जाणारे दैवत, कोणाला दिसत नाही, तरी रात्री त्याच्या भरवशावर माणसे निर्धास्त झोपतात. ॲडमिनचे कामही मला त्याच जातीचे वाटते.

आधी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट, नंबर आणि वेळ दिसेल असा, स्वतःजवळ ठेवावा. मग मेसेज सर्वांसाठी पुसावा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसण्याची सोय २०२२ पासून मिळालेली आहे. नंबर काढून टाकणे त्यानंतर, कारण पुष्कळ ॲडमिन नुसता नंबर काढतात आणि लिंक मागे तशीच राहते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्यानंतर त्या नंबरची व्हॉट्सॲपकडे तक्रार करावी. या सगळ्याला एक मिनिट लागते आणि ग्रुपमध्ये एक शब्दही बोलावा लागत नाही. पालखीच्या यादीसारखा मजकूर पिन करावा, म्हणजे खाली कितीही गलका झाला तरी तो सात किंवा तीस दिवस वर दिसत राहतो.

आता ते आत आले कोठून, हे पाहावे. पत्रात पुढे तुम्ही लिहिता की गेल्या वर्षी सत्यनारायणाच्या पूजेच्या फ्लेक्सवर ग्रुपचा क्यूआर कोड छापला होता आणि फ्लेक्सचा फोटो गावाच्या फेसबुक पानावरही टाकला होता. तुमच्या गडग्याचे बेडे, म्हणजे कुंपणाचे फाटक, तेव्हापासून सताड उघडे आहे. उघड्यावर टाकलेली लिंक ज्याला सापडेल त्याची होते. २०२० मध्ये तर अशा अनेक ग्रुपच्या लिंका गुगलच्या शोधात थेट दिसत असल्याचे उघड झाले होते. ग्रुपच्या माहितीत जाऊन लिंक ‘रीसेट’ करावी, म्हणजे फ्लेक्सवरचा कोड त्याच क्षणी निकामी होईल. नव्या सदस्याला ॲडमिनने मान्यता देण्याची सोय २०२३ मध्ये आली आहे, तीही चालू करावी.

मान्यता देताना काय विचारायचे, यावर मतभेद आहेत. काही ॲडमिन गावचीच माणसे सांगू शकतील असा प्रश्न टाकतात, उदाहरणार्थ पालखी पहिल्या रात्री कोणाच्या अंगणात उतरते. कल्पना रंजक आहे, पण नव्याने लग्न होऊन आलेली सून आणि तिसऱ्या पिढीचा मुंबईकर मुलगा दोघेही त्यात नापास होतात. ‘तुम्ही कोणाचे, आणि ग्रुपमधले कोण तुम्हाला ओळखते?’ एवढे विचारून त्या ओळखीच्या माणसाला फोन करणे मला अधिक भरवशाचे वाटते. परदेशी नंबर दिसला की काढायचा, असा नियम मात्र आपल्या किनाऱ्यावर करू नये. ९७१ आणि ९६८ ने सुरू होणाऱ्या नंबरांमागे दुबईत आणि मस्कतमध्ये राबणारी आपलीच माणसे असतात, आणि बोटीवर गेलेला मुलगा कोणत्या बंदरातून कोणते सिमकार्ड घेऊन बोलेल, याचा नेम नसतो.

‘फक्त ॲडमिननेच लिहावे’ हे कुलूप लावून मोकळे होण्याचा मोह तुम्हाला होईल. रात्रीपुरते ते लावायला हरकत नाही. कायमचे लावले तर ग्रुपचा सूचनाफलक होतो आणि विहिरीच्या पंपापासून दहावीच्या निकालापर्यंत जे बोलणे तिथे होते ते बंद पडते. वादळाचा इशारा, एसटीची रद्द फेरी, कोणाचे निधन अशा सूचनांसाठी वेगळा, कुलूपबंद ग्रुप करावा आणि गप्पांचा ग्रुप उघडाच राहू द्यावा.

प्रश्न : आमचा न्याहारी-निवास चालवणाऱ्यांचा ग्रुप आहे. एका निवृत्त गुरुजींच्या नंबरवरून पहाटे साडेपाचला लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल आली. मी ती पुसली आणि त्यांना लगेच काढले. आता ते म्हणतात, ‘भर ग्रुपात मला चोर ठरवलंस.’ अख्ख्या बाजारात ते माझ्याशी बोलत नाहीत. माझे काय चुकले? — मालवण

उत्तर : काढण्यात चूक नव्हती. एपीके म्हणजे फोनवर ॲप बसवण्याची फाइल; पत्रिका चित्र, पीडीएफ किंवा व्हिडिओ म्हणून येते, एपीके म्हणून कधीच नाही. वाहनाचा दंड, शेतकऱ्यांच्या योजनेचा हप्ता, लग्नाचे निमंत्रण अशा नावांखाली फिरणारी ही ॲप एकदा बसली की फोनवर येणारे एसएमएस वाचतात, त्यातले ओटीपी उचलतात आणि मालकाच्या नावाने तीच फाइल त्याच्या ओळखीच्या सर्वांना पाठवतात. म्हणजे पहाटे साडेपाचला गुरुजी झोपेत असणे सहज शक्य आहे.

राहिले ते फोन करणे. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून असे काही आले तर मेसेज पुसल्यावर दुसऱ्याच मिनिटाला त्याला साधा फोन लावावा. मेसेज पाठवू नये, कारण तो चोराच्या हाती पडण्याची शक्यता असते. फोनवर त्यांना सांगावे की आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय थांबवा, आणि पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तरच ते अडवता येण्याची आशा असते. मग जाणत्या माणसाकडून ते ॲप काढून घ्यावे, व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी यंत्र जोडलेले दिसल्यास तोडावे आणि दुहेरी पडताळणीचा पिन लावावा. पैसे गेले नसले तरी असा मजकूर कोणत्या नंबरवरून आला, हे संचारसाथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत कळवता येते.

गुरुजींचा राग मात्र ॲपने उतरणार नाही. त्यांना परत ग्रुपमध्ये घेताना एवढे लिहावे : ‘गुरुजींच्या फोनचा ताबा दुसऱ्याने घेतला होता, म्हणून त्यांचा नंबर तात्पुरता काढला होता. फोन आता स्वच्छ आहे. ती फाइल कोणी उघडली असल्यास मला फोन करावा.’ त्यात ‘चुकून’, ‘नजरचुकीने’ असले शब्द नकोत, कारण ते पुन्हा त्यांच्याकडेच बोट दाखवतात. आणि हे टाकण्याआधी त्यांच्या घरी जाऊन यावे. सत्तरीच्या माणसाने आयुष्यभर मुलांना सावध राहायला शिकवलेले असते, आणि एका फाइलने त्याच्यावर चारचौघांत मान खाली घालण्याची वेळ आणलेली असते.

माझ्या हातून याहून वाईट घडले आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जुन्या घरांविषयी एक फेसबुक ग्रुप मी काही वर्षे सांभाळतो. झटपट कर्ज देणाऱ्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा ‘कर्ज’ हा शब्द आलेला मजकूर आपोआप अडेल अशी व्यवस्था मी करून ठेवली आणि अडलेला मजकूर पाहण्याचे विसरलो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने किनाऱ्यावरच्या घरांची कौले आणि पत्रे उडवल्यावर श्रीवर्धनकडच्या एका बाईंनी दुरुस्तीसाठी कर्ज काढावे की निम्मेच घर शाकारावे, असे विचारले होते. तो प्रश्न माझ्या चाळणीत नऊ दिवस अडकला, आणि कोकणातला पाऊस तेवढे दिवस कोणासाठी थांबत नाही. कर्जवाले तोवर अक्षरांमध्ये टिंबे टाकून, अर्धा शब्द रोमन लिपीत लिहून बिनदिक्कत आत येतच होते. शब्दांची चाळणी लावायची असेल तर तिच्यात काय अडकले ते रोज सकाळी पाहावे. ते जमणार नसेल तर लावूच नये.

प्रश्न : सदस्याने फसवी लिंक किंवा आक्षेपार्ह मजकूर टाकला तर ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो, असे सगळे सांगतात. घरचे म्हणतात, ॲडमिनपद सोड. — अलिबाग

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, सदस्याच्या मजकुरामागे ॲडमिनचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसत नसेल, तर केवळ तो ॲडमिन आहे म्हणून त्याला त्या मजकुरासाठी जबाबदार धरता येत नाही. तरीही दिसलेला मजकूर तातडीने पुसावा आणि त्याचा स्क्रीनशॉट जपावा, म्हणजे कोणी विचारल्यास आपण काय केले ते दाखवता येते. पद सोडण्याचे कारण नाही. उलट आणखी दोघांना ॲडमिन करावे, त्यांतला एक शक्यतो रात्रपाळीचा असावा, कारण या मेसेजना पहाटेची वेळ फार आवडते.

प्रश्न : आंबा बागायतदारांच्या चर्चेचा आमचा ग्रुप आहे. माझा मावसभाऊ मार्च उजाडला की रोज पंचवीस-तीस वेळा आपल्या पेट्यांची जाहिरात टाकतो. माल अस्सल आहे, भाव रास्त आहे. मग याला उपद्रव म्हणावे का? आणि म्हणायचे तर मावशीला काय सांगू? — देवगड

उत्तर : म्हणावे. माल खरा की खोटा यावर ते ठरत नाही. न मागता, विषय सोडून आणि पुन्हा पुन्हा टाकणे, यावर ठरते. इंटरनेटच्या बालपणी, १२ एप्रिल १९९४ रोजी, अमेरिकेतील दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या सोडतीसाठी अर्ज भरून देण्याची जाहिरात यूजनेट या चर्चागटांच्या जुन्या जाळ्यावरील हजारो गटांत एकाच वेळी टाकली. सोडत खरी होती आणि वकीलही खरे होते, पण भाषाशास्त्रापासून पाळीव प्राण्यांपर्यंत प्रत्येक गटातल्या माणसांना तीच जाहिरात ओलांडून पुढे जावे लागले. त्या वकिलांना आपण काही गैर केले असे कधी वाटले नाही. तुमच्या मावसभावालाही वाटणार नाही.

तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एकाच दिवसाचे बोलणे आहे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी पालवीवरच्या फुलकिड्यांचा फोटो टाकून कोणती फवारणी घ्यावी असे विचारले आहे. त्याखाली चौदा वेळा पेटीचा तोच फोटो, गवतात मांडलेल्या त्याच पाच डझनांचा, आणि दुपारी एक वाजता त्याच माणसाचा ‘कोणी सांगेल का?’ असा दुसरा मेसेज. पुढे उत्तर नाही. हा एक पडदा मावसभावाला दाखवला तर नियमांचे पान वाचून दाखवण्याची गरज पडू नये.

नियम मात्र सर्वांसाठी एकच करावा आणि त्याला आठवडाभर आधी सांगावा. जाहिरात फक्त शनिवारी, एका बागायतदाराची एकच, बागेचे गाव आणि भाव लिहून. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे; ज्याची त्याखाली नोंदणी आहे त्याने नोंदणी क्रमांक लिहावा, म्हणजे परप्रांतातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणारे आपोआप गळतील. फळाची हमी मात्र ॲडमिनने घेऊ नये, भावाच्या फळाची तर नाहीच.

मावशीला काही सांगू नये. भावालाच एकट्याला गाठून, बागेत, हातात काम असताना सांगावे. पहिल्या शनिवारी पहिली जाहिरात त्याचीच जाऊ द्यावी. रविवारी पुन्हा आली तर इतरांची पुसता तशीच पुसावी, आणि संध्याकाळी त्याच्याकडून दोन पेट्या विकत घ्याव्यात.