अपग्रेड अडलंय? पॅकेज कुठून आलं ते आधी बघा

प्रश्न : राजारामपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. उबंटू लिनक्सच्या 22.04 वरून 24.04 वर जायला गेलो की अपग्रेड मधेच थांबतं. ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ असा मेसेज येतो. मी तर काहीच होल्ड केलेलं नाही. लग्नसराई तोंडावर आलीय, पत्रिकांची कामं अंगावर आहेत. काय करावं कळंना.

उत्तर : लग्नसराई उरकेपर्यंत अपग्रेडला हात लावू नका. 22.04 ला 2027 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे घाई नाही.

आता मूळ दुखणं. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ही कमांड देऊन बघा. होल्ड केलेल्या, म्हणजे आहे त्या आवृत्तीवर अडवून ठेवलेल्या पॅकेजांची (प्रोग्रॅम आणि त्यांच्या भागांच्या गठ्ठ्यांची) यादी बहुतेक रिकामी येईल. तशी आली, तर सगळ्या पॅकेजांच्या अटी एकाच वेळी पाळणारी मांडणी ॲप्टला (पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला) सापडली नाही, एवढाच त्या मेसेजचा अर्थ. नेमकं कुठं अडलं ते ‘/व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड’ या फोल्डरमधल्या ‘ॲप्ट डॉट लॉग’ फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती उघडा आणि ‘ब्रोकन’ असलेली पहिली ओळ गाठा. खालच्या ओळी बऱ्याचदा तिच्याच परिणामातून आलेल्या असतात.

डीटीपीच्या मशीनवर माझा पहिला संशय इंकस्केप या डिझाइनच्या प्रोग्रॅमवर जाईल. नवी आवृत्ती हवी म्हणून ते पीपीएवरून, म्हणजे उबंटूच्या बाहेरच्या रेपोतून (पॅकेजांच्या साठ्यातून) घेतलेलं असतं. ‘ॲप्ट पॉलिसी इंकस्केप’ द्या. ‘इन्स्टॉल्ड’पुढे आत्ता बसलेली आवृत्ती दिसेल आणि खाली कुठली आवृत्ती कुठल्या रेपोतून येते ते दिसेल. पत्त्यात ‘लाँचपॅड’ असेल तर ती पीपीएची. अपग्रेड सुरू झालं की उबंटू बाहेरचे रेपो बंद करतं, पण त्यांतून आलेली पॅकेजं जागच्या जागी राहतात. त्यांची आवृत्ती 24.04 मधल्या आवृत्तीपेक्षा वरची असली, तर ॲप्ट आपणहून खाली उतरत नाही. वर त्या पॅकेजला लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारे सामाईक भाग) हव्या असतात 22.04 च्याच. गाठ बसते ती इथं.

ती सोडवायला ‘पीपीए-पर्ज’ नावाचं पॅकेज घ्या आणि त्याला त्या पीपीएचं नाव द्या. ते रेपो बंद करून पॅकेजं उबंटूच्या मूळ आवृत्तीवर आणून ठेवतं. मग अपग्रेड करा, आणि गरज असली तर नंतर पीपीए परत जोडा. मधल्या काळात इंकस्केप जुनं होईल, म्हणून चालू पत्रिकांच्या पीडीएफ आधीच काढून ठेवा. कुणी ‘फोर्स’ लावून लायब्ररी काढायला सांगितलं तर ऐकू नका. तशी काढली की पुढची जवळजवळ प्रत्येक ॲप्ट कमांड त्याच तुटक्या डिपेंडन्सीवर (एका पॅकेजला दुसरं लागतं त्या अटीवर) येऊन थांबते.

प्रश्न : शिरोळ तालुक्यातल्या शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळते. अपग्रेड चालू असताना वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. आता मशीन सुरू होतं, पण काहीच इन्स्टॉल होत नाही.

उत्तर : बाई, घाबरू नका. आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या. अर्धवट बसलेली पॅकेजं पूर्ण होतील. मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, आणि शेवटी राहिलेलं अपग्रेड. लॉक फाइल (एका वेळी एकच ॲप्ट चालावं म्हणून ठेवलेली खूण) उडवा म्हणून सांगणारे भेटतील, पण मागं एखादं ॲप्ट चालू असताना ती उडवली तर पॅकेजांची नोंदवहीच बिघडू शकते.

प्रश्न : कसबा बावड्यात इंजिनिअरिंगला आहे. उबंटू 24.04 वर ‘लिबअसाउंड2’ ही आवाजाची लायब्ररी टाकताना ‘नो इन्स्टॉलेशन कँडिडेट’ येतं. जुन्या उबंटूची डेब फाइल (पॅकेजची फाइल) उतरवून टाकू का?

उत्तर : नको. ‘लिबअसाउंड2टी64’ माग, काम होईल. नावामागचं टी64 हे 2038 च्या अडचणीमुळे आलंय. 32 बिटांत सेकंद मोजणारं घड्याळ 19 जानेवारी 2038 रोजी, आपल्याकडच्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी भरून जातं. म्हणून डेबियन (उबंटू ज्यावर उभं आहे ते लिनक्स) आणि उबंटूने वेळेचा आकडा 64 बिटांचा केला आणि त्याचा परिणाम होणाऱ्या लायब्ररींची नावं बदलली. तुझ्या 64 बिट लॅपटॉपवर हा आकडा आधीपासूनच मोठा होता, बदललं ते फक्त नाव. पण जुनी आणि नवी लायब्ररी एकत्र नांदत नाहीत. जुनी डेब घुसवलीस तर टी64 वर उभे असलेले प्रोग्रॅम काढायची वेळ येईल.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं राउटर मशीन (कोरीव कटिंगचं) डेबियन 12 आणि लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं. मेहुणे म्हणतात, डेबियन 13 आलंय, करून टाका.

उत्तर : मेहुण्यांना नमस्कार सांगा आणि मशीन आहे तसं चालवा. डेबियन 12 ला दीर्घकालीन सपोर्ट 30 जून 2028 पर्यंत आहे. तुमच्या मशीनचा जीव रिअल-टाइम कर्नलमध्ये, म्हणजे कामं ठरल्या वेळी करणाऱ्या सिस्टिमच्या गाभ्यात आहे. अपग्रेडच्या ओढाताणीत तो जाऊन साधा कर्नल बूट झाला, तर मोटरला पल्स वेळेवर मिळण्याची खात्री राहत नाही आणि जॉब वाया जातो.

तरीही करायचंच असेल, तर क्लोनझिलाने अख्खी डिस्क दुसऱ्या एसएसडीवर उतरवा आणि प्रयोग त्या दुसऱ्या डिस्कवर करा. रेपो बदलल्यावर ‘ॲप्ट अपडेट’ करून ‘ॲप्ट -एस फुल-अपग्रेड’ द्या. ही नुसती रंगीत तालीम असते, प्रत्यक्षात काही बदलत नाही. येणारी यादी मात्र ओळ न् ओळ वाचा. साधं ‘अपग्रेड’ काहीही काढत नाही, ‘फुल-अपग्रेड’ काढू शकतं. 2021 मध्ये पॉप ओएस या उबंटूवर आधारलेल्या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप टाकताना एका नामांकित यूट्यूबरचा डेस्कटॉपच उडाला. काय काय काढणार ते ॲप्टने सांगितलं होतं, ‘येस, डू ॲज आय से’ असं टाइपही करून घेतलं होतं. तुमच्या यादीत काढायच्या पॅकेजांमध्ये लिनक्ससीएनसी किंवा नावात ‘आरटी’ (रिअल-टाइम) असलेला कर्नल दिसला, तर तिथंच थांबा आणि ती यादी मला पाठवा.