डुकरांनी उकरलेली जागा सपाट करू का?

प्रश्न: दापोलीजवळ आमच्या बागेला लागून थोडं जुनं जंगल आहे. रानडुकरं तिथे दरवर्षी जमीन उकरतात. गेल्या पावसाळ्यात त्याच जागी आधी कधी न दिसलेली बरीच रोपं आली. घरचे म्हणतात खड्डे बुजवून टाका, नाहीतर जंगल खराब होईल. काय करू?

उत्तर: बुजवू नका, निदान जंगलाच्या आतले तरी नकोच. डुक्कर तिथे कंद, गांडुळं, हुमणी शोधत असतं, आणि ते करताना पाचोळ्याचा जाड थर बाजूला फेकतं, खरा फरक तिथेच पडतो. बारीक बियांच्या पोटात शिदोरी अगदी थोडी, त्यातनं फुटलेला कोंब चार बोटं पाचोळा फोडून वर येऊ शकत नाही, फणसाच्या आठळीला ते जमतं. शिवाय बऱ्याच बारीक बियांना रुजायला उजेड लागतो, आणि दाट झाडीखाली पानांतून गाळून येणारा उजेड त्यांना ‘अजून थांब’ असंच सांगतो. माती उलटली की त्या वर येतात आणि दिवसा तापणं, रात्री गार होणं हेही त्यांना कळतं. म्हणजे तुमची ‘नवी’ रोपं बहुतेक आधीपासून मातीतच होती! बी किती थांबू शकतं म्हणाल तर अमेरिकेत मिशिगनला १८७९ साली बाटल्यांत पुरून ठेवलेलं बी २०२१ मध्ये काढलं तेव्हा त्यातलं काही रुजलं.

नुकसान होतंच नाही असं नाही हां. शेवळं, सुरण असले कंद डुक्कर खातं, पण सुरणाची पिल्लं, म्हणजे मोठ्या कंदाला लागलेले छोटे कंद, तुटून बाजूला पडली तर तीही रुजतात. उन्मळून पडलेलं झाडही डुकरासारखीच माती उलटून टाकतं, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात तुमच्याकडे कितीतरी झाडं मुळासकट आडवी झाली, त्यातलं एखादं जंगलात पडलेलं असेल तर जाऊन बघा, मुळांबरोबर वर आलेल्या मातीचा ढिगारा कोरडा आणि शेजारच्या खड्ड्यात पाणी, त्यामुळे दोन हातांच्या अंतरात वेगवेगळी रोपं दिसतील.

काळजी करायची ती बागेकडच्या कडेची. तिथे वरून ऊन भरपूर, त्यात दरवर्षी तीच जागा उकरली गेली की रानमोडी, घाणेरी, टाकळा घुसतात आणि मग दुसऱ्या कुणाला जागाच देत नाहीत. रानमोडी दिसली तर फुलायच्या आत मुळासकट उपटा, कारण तिचं बी वाऱ्याने उडतं. आणि हो, जेसीबी फिरवणं आणि डुकराने उकरणं यांना एकाच मापाने मोजू नका, जेसीबी वरची माती बियांसकट उचलून नेतो आणि खाली दाबून टाकतो.

जूनमध्ये एका उकरलेल्या आणि एका न उकरलेल्या जागी हातभर चौकोनाला खुंट्या मारून ठेवा, ऑगस्टमध्ये दोन्हींचे फोटो काढा आणि आम्हाला पाठवा, रोपं ओळखायला मदत करू.